नाव आपले, शोध दुसऱ्यांचा

बारशाच्या दिवशी बाळाचे नाव ठेवण्याचा मान आत्याचा असतो. ती पाळण्याशी वाकून कानात नाव सांगते, कौतुक करून घेते आणि आपल्या घरी परतते. जन्म देण्याच्या कळा आणि वाढविण्याचा भार यांचे धनी वेगळे असतात. १७ डिसेंबर २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने सूर्यमालेबाहेरील ग्रहांच्या नव्या नावांची यादी जाहीर केली, तेव्हा भारताला असाच आत्याचा मान मिळाला होता. संघाच्या शताब्दीनिमित्त प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याभोवती फिरणारा एक ग्रह नावे ठेवण्यासाठी नेमून देण्यात आला होता. ११२ देशांतील ७ लाख ८० हजारांहून अधिक लोकांनी या उपक्रमात भाग घेतला. भारताच्या वाट्याला जो तारा आला, त्याचा ताऱ्यांच्या सूचीतील क्रमांक ‘एचडी ८६०८१’ असा आहे. तो आता ‘बिभा’ या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या ग्रहाचे नाव आहे ‘संतमस’. ताऱ्याचे नाव सुरतेच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने सुचविले होते, ग्रहाचे नाव पुण्यातील एका तेरा वर्षांच्या शाळकरी मुलाने.

पुणेकरांना या गोष्टीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मुलाने निवडलेला शब्दही साधा नाही. अंधाराच्या छटा सांगताना अमरकोशकाराने दाट अंधार तो अंधतमस, विरळ तो अवतमस आणि चहूकडे पसरलेला तो संतमस, असा भेद केला आहे. मेघांनी झाकोळलेला असावा अशा ग्रहाला हे नाव शोभून दिसते. त्याला उजळणारा तारा बिभा, म्हणजे संस्कृतातील विभा, प्रकाशाची प्रभा. नावांची जोडी सुरेख जमली, यात शंका नाही. प्रश्न नावाच्या पलीकडचा आहे. हा ग्रह शोधला कोणी, कशाच्या बळावर, आणि ते बळ या देशाला आपलेसे का करता येऊ नये, याचा विचार बारशाच्या आनंदात राहून गेला.

सव्वादोन दिवसांचे वर्ष

हा तारा सूर्याच्याच जातीचा. सूर्याहून थोडा वजनदार आणि किंचित अधिक तप्त. पृथ्वीपासून तो सुमारे ३४० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज दुर्बिणीतून जो प्रकाश दिसतो तो शिवकाळाच्या अखेरीस तेथून निघालेला असतो. सिंह राशीच्या दक्षिणेस असलेल्या षष्ठांश नावाच्या अंधुक तारकासमूहात तो आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. फाल्गुन-चैत्रातील निरभ्र रात्री एखादी चांगली द्विनेत्री आणि नकाशा हाताशी असेल तर तो सापडू शकतो.

त्याच्या ग्रहाची कथा मात्र सूर्यमालेतील कोणत्याही ग्रहाशी जुळत नाही. संतमस हा गुरूच्या सुमारे दीडपट वस्तुमानाचा महाकाय ग्रह आहे. गुरू सूर्यापासून दूर अंतरावर बारा वर्षांत एक फेरी पुरी करतो. संतमस आपल्या ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की त्याची फेरी सव्वादोन दिवसांच्या आतच संपते. ताऱ्यापासूनचे त्याचे अंतर पन्नास-बावन्न लाख किलोमीटर भरते. सूर्याच्या सर्वांत जवळचा बुध याच्या दहापटीहून अधिक लांब आहे. पुण्यात एक सप्ताह उलटतो तोवर संतमसावर तीन वर्षे होऊन जातात.

अशा ग्रहाला कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही. ताऱ्याच्या झगमगाटात तो बुडून जातो. त्याचे अस्तित्व कळते ते ताऱ्याच्या हालचालीवरून. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो हे अर्धसत्य आहे. वस्तुतः दोघेही त्यांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. जड तारा लहानशी गिरकी घेतो, हलका ग्रह मोठी. ताऱ्याच्या या गिरकीमुळे तो कधी पृथ्वीच्या दिशेने येतो, कधी दूर जातो, आणि त्यानुसार त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातील रेषा निळ्या वा तांबड्या टोकाकडे किंचित सरकतात. स्थानकावरून जाणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा सूर जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरता वाटतो, त्यातलाच हा प्रकार. संतमस आपल्या ताऱ्याला सेकंदाला सुमारे दोनशे मीटर वेगाने पुढे-मागे ओढतो. गुरूच्या ओढीने सूर्य सेकंदाला बारा-तेरा मीटर हलतो आणि पृथ्वीच्या ओढीने अवघा नऊ सेंटिमीटर. रांगणारे मूलदेखील याहून वेगाने सरकते. शेकडो प्रकाशवर्षांवरील ताऱ्याची अशी हालचाल मोजायची, तीही वर्षानुवर्षे यंत्र न चळता, हे या शास्त्राचे खरे आव्हान आहे.

१९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ या स्विस शास्त्रज्ञांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह याच रीतीने शोधला. २०१९ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक जेम्स पीबल्स यांच्याबरोबर या दोघांत विभागले गेले. दक्षिण फ्रान्समधील ज्या दुर्बिणीने हा शोध लागला तिचा आरसा १.९३ मीटरचा होता. पुणे-नाशिक रस्त्याच्या आतल्या बाजूस गिरवली येथे ‘आयुका’ची जी दुर्बीण २००६ पासून आहे, तिचा आरसा दोन मीटरचा. तेव्हा दुर्बिणीचा आकार हीच सारी अडचण नव्हे. पावसाळ्याचे महिने येथे वाया जातात हे खरे. तथापि निर्णायक ठरतात ते दुर्बिणीला जोडलेला वर्णपटमापक, त्याची अचूकता आणि एकाच प्रश्नाला दहा-वीस वर्षे चिकटून राहण्याची संस्थेची तयारी. संतमसाचा शोध २००६ मध्ये लागला तो अमेरिकी पुढाकाराने चाललेल्या एका प्रकल्पात. ‘आणखी दोन हजार तारे’ असा अर्थ सांगणारे त्याचे नाव होते. आधी तपासलेल्या ताऱ्यांनंतर पुढचे दोन हजार तपासू, हा त्यांचा साधा संकल्प. त्यासाठी हवाई बेटांवरील आणि चिलीतील मोठ्या दुर्बिणींचा वेळ मिळविण्यात आला. शोध लागतो तो अशा कंटाळवाण्या यादीतून.

अर्ध्या जाडीची काच

ज्यांचे नाव ताऱ्याला दिले गेले, त्या बिभा चौधुरी यांचे चरित्र हाच धडा अधिक कडवटपणे शिकविते. १९१३ साली जन्मलेल्या बिभाबाई १९३६ मध्ये कलकत्ता विद्यापीठातून पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. त्या वर्गातील त्या एकट्याच स्त्री. पुढे देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास हाती घेतला. दार्जिलिंग आणि संदकफूच्या उंचीवर छायाचित्रणाच्या काचा महिनोन्‌महिने उघड्या ठेवायच्या आणि त्यांवर उमटलेले कणांचे माग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, अशी ती पद्धत होती. १९४१-४२ च्या सुमारास ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशेपट वस्तुमानाच्या मेसॉन कणांचा पुरावा मांडला होता.

हे काम निर्णायक व्हावे यासाठी अधिक जाड आणि संवेदनशील लेप असलेल्या काचा हव्या होत्या. दुसरे महायुद्ध चालू होते. तशा काचा भारतात मिळेनात. काम थांबले. युद्धानंतर ब्रिटनमध्ये सेसिल पॉवेल यांना सुधारलेल्या काचा मिळाल्या, १९४७ मध्ये त्यांच्या गटाने पायॉन कण निर्विवाद सिद्ध केला आणि १९५० चे नोबेल पारितोषिक पॉवेल यांना मिळाले. पुढे पॉवेल यांच्या ग्रंथात बोस-चौधुरी यांच्या पूर्वीच्या कामाची नोंदही झाली. कल्पना कलकत्त्यात होती, चिकाटी कलकत्त्यात होती, काच नव्हती.

होमी भाभांच्या निमंत्रणावरून बिभाबाई १९४९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. त्या संस्थेतील त्या पहिल्या स्त्री संशोधक. नंतर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतही त्यांनी काम केले. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा शास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर त्यांचे नाव जवळजवळ कोणाला ठाऊक नव्हते. २०१८ साली त्यांच्यावर चरित्रग्रंथ निघाला आणि पुढच्याच वर्षी ताऱ्याला त्यांचे नाव लाभले. हा गौरव योग्यच. मात्र हयात असताना काच न मिळालेल्या संशोधिकेला निधनानंतर २८ वर्षांनी तारा देणे, यात परतफेडीपेक्षा आठवणीचा भाग अधिक आहे.

दरिद्री देशाचा प्रश्न

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्या राज्यात उन्हाळा आला की टँकरच्या मागे माणसे धावतात, पदवीधरांच्या रांगा नोकरीसाठी उभ्या असतात, तेथे ३४० प्रकाशवर्षांवरील वायूच्या गोळ्यावर पैसा का खर्चावा? यावर साधारणपणे असे उत्तर दिले जाते, की अवकाशसंशोधनातून उपयुक्त तंत्रज्ञान बाहेर पडते. ते काही अंशी खरे असले तरी पुरेसे नाही. तंत्रज्ञानच हवे असेल तर थेट त्यावरच खर्च करावा, असे कोणीही म्हणेल.

अर्थशास्त्र याचे अधिक नेमके उत्तर देते. ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे. भाकरी एकाने खाल्ली की दुसऱ्यासाठी उरत नाही. ज्ञान वाटल्याने कमी होत नाही आणि ते मिळविण्यापासून इतरांना रोखणेही कठीण असते. म्हणूनच बाजार ते पुरेसे निर्माण करीत नाही आणि समाजाला ते सामुदायिक खर्चातून उभारावे लागते. दुसऱ्यांनी खर्च करावा, आपण फुकट वापरावे, हा मार्ग मोहाचा आहे खरा. परंतु त्याची मर्यादा बिभाबाईंच्या काचांनी दाखवून दिली आहे. तयार ज्ञान फुकट मिळते. ते घडविण्याचे कौशल्य, यंत्रे आणि माणसे फुकट मिळत नाहीत. आणीबाणीच्या वेळी तीच हवी असतात.

सार्वजनिक ज्ञानाचे मोल सांगणारे एक उदाहरण याच विषयातले आहे. अमेरिकेची केप्लर दुर्बीण २००९ मध्ये अवकाशात गेली आणि तिने सुमारे दीड लाख ताऱ्यांवर एकटक नजर ठेवली. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो, त्या नोंदींचा साठा जमला. त्यातील केप्लर-९० या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सात ग्रह आढळले होते. डिसेंबर २०१७ मध्ये आठवा जाहीर झाला, तो नवी दुर्बीण लावून नव्हे; जुन्या नोंदी संगणकाला शिकवून पुन्हा चाळल्यामुळे. ग्रहसंख्येत सूर्यमालेची बरोबरी करणारी ग्रहमाला अशी कागदपत्रांतून सापडली. या नोंदी जगातील कोणालाही खुल्या आहेत. मौना केआच्या शिखरावर पुण्यातील विद्यार्थी पोहोचेल न पोहोचेल, या नोंदींपर्यंत तो आजही पोहोचू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ज्ञात बाह्यग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. न तपासलेल्या नोंदींत किती दडले असतील याचा हिशेब व्हायचाच आहे.

भारताचा संशोधनावरील एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. याच सुमारास चीनचे प्रमाण दोन टक्क्यांच्या पुढे आणि दक्षिण कोरियाचे चार टक्क्यांच्या पुढे होते. टँकरचा पैसा दुर्बिणीने पळविला, असे म्हणण्याइतका दुर्बिणींवर खर्च या देशात कधी झालाच नाही.

अबूचा डोंगर, खोडदचे शिवार

थोड्या पैशांत काय साधते, याचेही दाखले आहेत. ज्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत बिभाबाईंनी काम केले, तिनेच अबूच्या डोंगरावरील १.२ मीटरच्या दुर्बिणीला ‘पारस’ नावाचा वर्णपटमापक जोडला. त्याच्या साह्याने सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरील सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचे वस्तुमान मोजण्यात आले आणि २०१८ मध्ये ते जाहीर झाले. पृथ्वीच्या सत्तावीसपट वस्तुमानाचा हा ग्रह साडेएकोणीस दिवसांत आपली फेरी पुरी करतो. असे मोजमाप स्वतःच्या यंत्राने करू शकणाऱ्या मोजक्या देशांत त्यामुळे भारत बसला. आता दुसऱ्याने शोधलेल्या ग्रहाला केवळ नाव देण्याची वेळ नव्हती.

दुसरा दाखला पुणे जिल्ह्यातला आहे. नारायणगावजवळ खोडदच्या शिवारात गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरल्याने त्या हलक्या आणि स्वस्त झाल्या. टंचाईतूनही उत्तम यंत्र घडविता येते, हे तेथे सिद्ध झाले. गुरूसारखे चुंबकीय क्षेत्र असलेले ग्रह रेडिओलहरी सोडतात. तशा लहरी परक्या ग्रहाकडूनही येतात काय, याचा शोध खोडदच्या दुर्बिणीने घेतला गेला. सुमारे १२० प्रकाशवर्षांवरील एका ग्रहाच्या दिशेने २००९ मध्ये तसा संकेत मिळाल्यासारखे वाटले. २०१० मध्ये पुन्हा पाहता तो मिळाला नाही. फ्रेंच आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दोन्ही गोष्टी जशाच्या तशा प्रसिद्ध केल्या. यश हाती आलेले नसताना ते आले असे न म्हणणे, हेही शास्त्राचेच यश असते.

इतका क्षीण संकेत ऐकायचा तर भोवती शांतता हवी. विजेच्या ठिणग्या, दूरसंचाराचे मनोरे, यंत्रांची घरघर, या साऱ्यांचा रेडिओ-कल्लोळ तबकड्यांना ताऱ्यांहून मोठा ऐकू येतो. पुणे-नाशिक द्रुतगती रेल्वेच्या नियोजित मार्गाचा प्रश्न याच कारणाने गुंतागुंतीचा झाला. नारायणगावावरून जाणारा मार्ग दुर्बिणीच्या आक्षेपामुळे फेरविचारासाठी काढावा लागला. त्यावर जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत नाराजी उमटली आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. टोमॅटो-कांदा पिकविणाऱ्या आणि चाकणला कामाला जाणाऱ्या माणसाला रेल्वेची गरज खरी आहे.

वाद रेल्वे श्रेष्ठ की दुर्बीण श्रेष्ठ, असा मांडला की तो सुटत नाही. शांतता हीदेखील एक साधनसंपत्ती आहे आणि तिला किंमत आहे. आज तिचा लाभ साऱ्या जगाच्या शास्त्राला होतो आणि किंमत काही तालुके मोजतात. ज्याचा लाभ सर्वांना, त्याचा भार थोड्यांवर, ही व्यवस्था न्यायाची नव्हे आणि टिकणारीही नव्हे. दुर्बिणीसाठी जे गमवावे लागते त्याचा उघड हिशेब मांडून त्या भागाला पर्यायी दळणवळण, उत्तम रस्ते, शीतगृहे आणि शिक्षणाच्या सोयी राज्याने व केंद्राने दिल्या पाहिजेत. तो खर्च दुर्बिणीच्या खर्चाचाच भाग समजावा. असे झाले तर खोडदच्या तबकड्या शेतकऱ्याला अडथळा वाटणार नाहीत. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तेथे आसपासच्या शाळांतील मुले आपले प्रयोग घेऊन येतात, त्यांच्या आईबापांनाही ती आपली वाटू लागेल.

नावापुढचे काम

उरतो तो शाळा-महाविद्यालयांचा प्रश्न. संतमस हे नाव सुचविणाऱ्या मुलाच्या वयाची हजारो मुले पुण्यात आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी वर्णपट स्वतः पाहिला आहे? प्रयोगशाळेतील त्रिपार्श्व कपाटात आणि कपाटाची किल्ली हरवलेली, हे चित्र अनेक शाळांत दिसते. महाविद्यालयांत मंजूर पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर शिक्षक नेमले जातात. ज्याला पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही याची शाश्वती नाही, त्याने विद्यार्थ्याला दहा वर्षांच्या प्रश्नाची गोडी कशी लावायची? ग्रहांचा शोध चिकाटीवर उभा असतो, आणि चिकाटी ही निव्वळ स्वभावाची बाब नाही. तिला स्थिर वेतन, स्थिर संस्था आणि स्थिर धोरण लागते.

पुण्याला या कामाची परंपरा आहे. १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी निरीक्षकांना आजही आकाश दाखविते. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये आयुकाची उभारणी सुरू केली आणि मराठीत विज्ञान लिहून सामान्य वाचकाला ताऱ्यांपर्यंत नेले. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा शहराला आपला माणूस गेल्याचे दुःख झाले. त्यांचे स्मरण करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग असा, की प्रत्येक महाविद्यालयात एका खोलीत एक संगणक, ग्रहांच्या खुल्या नोंदी आणि त्या वाचायला शिकविणारा एक कायम शिक्षक असावा. ज्या समाजात ‘ग्रह’ म्हटले की प्रथम साडेसाती आठवते, तेथे ग्रह मोजता येतो हे मुलाने स्वतःच्या हाताने पडताळून पाहणे, हे परीक्षेतील गुणांहून मोठे शिक्षण ठरेल.

संतमसाचे नाव आता सूचीत कायम झाले. ते कोणी पुसणार नाही. पण जगात ग्रहांची यादी वाढतच राहील आणि नाव ठेवण्याची निमंत्रणे पुन्हा येतील. तेव्हा मान घेण्यास सारे पुढे येतील. काचेचा खर्च कोण मंजूर करील, हा प्रश्न त्याआधी विचारला गेला पाहिजे. १९४२ मध्ये तो विचारण्याचा अधिकार या देशाला नव्हता. आता आहे, आणि उत्तर देण्याची जबाबदारीही याच देशाची आहे.